चढावर दमणारी बुलेट

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची 1984ची बुलेट 350 आहे. याच गाडीवर त्यांनी नोकरी केली, आम्हाला जेजुरी-पंढरपूर दाखवलं. आता ती मी लांबच्या प्रवासाला वापरतो. पण पुण्याहून परतताना, मागे बायको आणि सामान असलं की खंबाटकी घाटात तिला थेट दुसऱ्या गिअरवर आणावं लागतं. इंजिन 346 सीसीचं आणि ताकद म्हणे 18 अश्वशक्ती. तेवढी तर आजची दीडशे सीसीची गाडीही देते. मग बुलेटची बाकीची ताकद जाते कुठे? एक मिस्त्री म्हणतात, पाचशेचा सिलिंडर-पिस्टन बसवू, मोठा कार्ब्युरेटर टाकू, सायलेन्सर मोकळा करू. करावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी कुतूहलाचा भाग घेतो, कारण मिस्त्रींच्या सल्ल्याचं उत्तरही त्यातच आहे.

इंजिनाची ताकद म्हणजे पीळ गुणिले फेरे. पिस्टनच्या एका दणक्याने क्रँकला किती पीळ बसतो आणि मिनिटाला असे दणके किती बसतात, या दोन्हींचा तो गुणाकार. दीडशे सीसीची गाडी 18 अश्वशक्ती देते ती मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास. बुलेट तेवढीच ताकद साडेपाच हजारांच्या आसपास देते. म्हणजे तिचा पीळ जवळपास दुप्पट आहे. ताकद कुठे गेलेली नाही. ती खालच्या फेऱ्यांत आहे, जिथे क्लच सोडताना आणि गर्दीतून हळू जाताना ती हाताला जाणवते.

मग बुलेटलाही दहा हजार फेऱ्यांपर्यंत का नेत नाहीत? तिच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात पिस्टन वर-खाली मिळून 18 सेंटिमीटर जातो. पाच हजार फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदाला 15 मीटर होतो, आणि प्रत्येक टोकाला त्या जड पिस्टनला थांबून उलटं फिरावं लागतं. तो सगळा मार कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकावर, बिग-एंडवर येतो. हा आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा, 1940च्या दशकाच्या शेवटचा. तेव्हाच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर आणि तेव्हाच्या रस्त्यांवर दिवसभर न थकता चालावं, यासाठी केलेला. भारतीय लष्कराला ही गाडी पसंत पडली, 1955 साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, आणि बिडाच्या सिलिंडरचं हेच इंजिन थोड्याफार फरकाने पन्नासहून अधिक वर्षं आपल्याकडे बनत राहिलं. तिच्याकडून पळण्याची अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे. चालण्याची अपेक्षा मात्र पूर्ण करावी, आणि घाट चढणं हे चालण्यातच येतं.

आता जरा हिशेब करू. गाडी, तुम्ही दोघं आणि सामान मिळून 330 किलो धरा. शंभर मीटर अंतराला सहा मीटर चढ धरा. एवढं वजन ताशी 50च्या वेगाने वर न्यायला साधारण साडेतीन अश्वशक्ती लागते. हवेचा आणि टायरचा विरोध धरून आणखी तीन. झाली साडेसहा. चढ याहून उभा असला तरी आठ-नऊच्या पुढे जात नाही. ठणठणीत बुलेट तिसऱ्या गिअरमध्ये एवढं सहज देते. तुमची देत नाही, याचा अर्थ गाडीत ताकद कमी नाही, ती चाळीस वर्षांत कुठेतरी गळते आहे. पाचशेचा पिस्टन बसवला तरी गळती तशीच राहील, फक्त पैसे वाढतील. म्हणून आधी गळती शोधा. यातलं बरंचसं काम घरच्या अंगणात होतं.

गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक शू घासत असतील, चेन फार ताणलेली असेल किंवा चाकाचं बेअरिंग बसलं असेल, तर चाक लगेच थांबेल. मागचा ब्रेक कायम थोडा लागलेला असणं हे जुन्या गाड्यांत इतकं आढळतं, की मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो.

मग कॉम्प्रेशन बघा. डीकॉम्प्रेसर न दाबता किक हळूच खाली आणा आणि कॉम्प्रेशन लागलं की अंगाचं वजन त्यावर ठेवून थांबा. चांगलं इंजिन तुम्हाला काही क्षण पेलून धरतं. किक भसकन खाली गेली तर हवा गळते आहे, आणि ती कुठून गळते हे कानाने कळतं. सायलेन्सरमधून सुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आला तर इनलेट, आणि इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून आला तर पिस्टन रिंग किंवा सिलिंडर. व्हॉल्व्हचा दोष असला तर हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवणं, गरज पडली तर गाइड बदलणं, एवढ्यावर काम भागतं. त्याआधी टॅपेट मात्र तपासून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना, कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला पिस्टन आणून, पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये. पुष्कळ जण टॅपेटचा आवाज नको म्हणून ते आवळून घेतात. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तिथूनच गॅस निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडी टकटक चालेल, आवळलेला टॅपेट चालणार नाही.

यानंतरचा दोष सगळ्यात जास्त लपून राहतो, तो टायमिंगचा. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पॉइंटच्या खाली ऑटो-ॲडव्हान्स नावाची छोटी यंत्रणा असते. दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा. फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडू लागते. चाळीस वर्षांच्या गाडीत ती वजनं गंजून अडकलेली असतात किंवा स्प्रिंगा सैल पडलेल्या असतात. अडकली असतील तर गाडी सुरू छान होते, जागेवर ठेकाही छान धरते, पण चढावर मरगळते आणि सायलेन्सरचा बेंड नको तेवढा तापतो. तुमच्या पत्रातलं वर्णन मला याच्याशी फार जुळतं असं वाटलं. वजनं हाताने उघडून सोडा, ती टणकन परत यायला हवीत. साफ करून तेलाचा एक थेंब सोडलात तर निम्मं काम होऊन जाईल. इथे चांगल्या प्रतीची इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं हा बदल मला मनापासून पटतो, कारण लांबच्या प्रवासात पॉइंट झिजून टायमिंग सरकण्याची चिंताच उरत नाही. मात्र ती बहुतेक 12 व्होल्टची असते. तुमच्या गाडीची वीज अजून मूळची 6 व्होल्टची असेल, तर ती 12 व्होल्टची करण्याचं काम आधी करावं लागेल.

तेलाबद्दल एक गोष्ट. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच, पण वेगळ्या कप्प्यात असते. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की तेल पंपातून झिरपून क्रँकच्या कप्प्यात उतरतं. मग दांडी कोरडी दिसते, माणूस अर्धा लिटर तेल ओततो आणि किक मारल्यावर पांढऱ्या धुराचा लोट आणि ब्रीदरमधून तेलाची पिचकारी. तेल नेहमी गाडी पाचेक मिनिटं चालवून मगच मोजावं. आणि वरच्या रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बोल्ट इंजिन चालू असताना किंचित सैल करून बघा, तिथे तेल यायला हवं. येत नसेल तर पंप दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका.

सिलिंडर झिजलाच असेल तर रीबोअर करून अर्धा किंवा एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसवणं हे देखभालीचंच काम. पण त्यानंतरच्या पहिल्या हजार किलोमीटरचा संयम पाळा. मी तो पाळला नव्हता. रीबोअर झाल्यावर तिसऱ्याच दिवशी महामार्गावर ताशी 80ने निघालो आणि कराडच्या अलीकडे पिस्टनने सिलिंडर धरला. मागचं चाक ओरडत घसरलं. वेळेवर क्लच दाबला गेला म्हणून पडलो नाही. चूक सर्वस्वी माझी होती. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो, आणि नव्या कामात दोघांमध्ये जागा अगदी थोडी असते. म्हणून सुरुवातीला ताशी 45-50, एकाच वेगाने फार वेळ नाही, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने थांबून इंजिन निवू देणं.

एवढं करून घाट चढून बघा. त्यानंतरही बदल करायचे असतील तर माझा क्रम ऐका : ब्रेक, दिवा, गिअरचं प्रमाण, आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

ब्रेक आधी, कारण ताशी 60 वरून 80 वर गेलं की थांबवायची ऊर्जा पावणेदोनपटीहून जास्त होते, आणि ड्रम ब्रेक मात्र तोच असतो. नवे लायनर बसवा आणि ड्रम अंडाकृती झाला असेल तर तो लेथवर नीट करून घ्या. पुढचा ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि ड्रमवरचा आर्म यांच्यात काटकोन होतो का, हेही बघा. आर्म एका दात्याने मागे-पुढे बसवला तरी पकडीत मोठा फरक पडतो, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

दिव्याचं गणितही असंच आहे. बल्बपर्यंत पोहोचणारा दाब दहा टक्क्यांनी कमी झाला तर प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी पडतो. जुन्या वायरी, गंजलेली अर्थ आणि झिजलेला स्विच यांत दहा टक्के सहज जातात. बल्ब मोठा करण्याआधी वायरी बदला, 12 व्होल्ट करून घ्या, आणि बॅटरीपासून रिलेमार्फत दिव्याला स्वतंत्र वीज द्या.

गिअरचं प्रमाण, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट. 350ला ते 16 दात्यांचं येतं. 17चं बसवलं तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सहा टक्क्यांनी कमी होतात. ताशी 80ला साडेतीन हजारांच्या आसपास फिरणारं इंजिन दोनशे फेऱ्यांनी शांत होतं आणि हातातला थरथराट कमी होतो. मोबदल्यात चढावर तेवढीच ओढ कमी होते. कोकणातून सारखी ये-जा असेल तर 16 ठेवा. सोलापूर, हैदराबाद असे सपाट पल्ले असतील तर 17 सुखाचं. तुमच्यासाठी मी आज 16च म्हणेन.

आणि पाचशेचा सिलिंडर? नको. 84 मिलिमीटरचा पिस्टन बसवायला क्रँककेसचं तोंड कापून मोठं करावं लागतं, आणि कापलेलं परत येत नाही. तुमच्या क्रँकचा तोल 70 मिलिमीटरच्या हलक्या पिस्टनसाठी साधलेला आहे. जड पिस्टन बसला की थरथर वाढते आणि बिग-एंड लवकर जातो. शिवाय आरसी बुकात गाडी 346 सीसीची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाला सोडून केलेला बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं आहे. तुमच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नव्याने घ्यावी लागते. अपघात झाला तर विमा कंपनीही तेच कागद बघणार. वडिलांची गाडी अशा अडचणीत घालू नका.

प्रश्न : सायलेन्सरमधली जाळी काढली की बुलेट जोरात पळते, असं सगळे सांगतात. आवाज वाढतो हे खरं, पण ताकद वाढते का?
– कोल्हापूर

उत्तर : वाढते असं वाटतं, कारण आपण ताकद कानाने मोजतो. जागेवर नऊशे फेऱ्यांना बुलेटच्या सिलिंडरमध्ये सेकंदाला साडेसात स्फोट होतात. इतके सावकाश, की कान ते जवळजवळ मोजू शकतो. त्यातला प्रत्येक ठोका मोठा झाला की छाती भरून येते. पण हे इंजिन एका वेळी जेवढी हवा आत घेतं, ती बाहेर सोडायला मूळचा सायलेन्सर पुरेसा आहे. तो मोकळा केला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि जेट न बदलता तसंच चालवलं तर इंजिन तापतं. त्यात कुणी एअर फिल्टरही काढून टाकला, तर रस्त्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रीबोअरचे दिवस जवळ येतात.

हा दोष उलट बाजूनेही येतो, हे मात्र लक्षात ठेवा. जुना सायलेन्सर आतून काजळीने खरोखरच बुजलेला असू शकतो, आणि मग गाडी चढावर गुदमरते. तो साफ करा किंवा तसाच नवा बसवा. रात्री अकरा वाजता दवाखान्यावरून जाणाऱ्या फटफट्या मी खूप ऐकल्या आहेत. बुलेटवर माझं फार प्रेम आहे, आणि तिच्यामुळे कुणा आजारी माणसाची झोप मोडली तर मला वाईट वाटतं.

प्रश्न : आम्ही चौघं जुन्या कार्ब्युरेटरच्या बुलेटवर मनाली-लेह जाणार आहोत. तिथे गाड्या काळा धूर सोडतात आणि बंद पडतात. आधीच काही बदल करून न्यावा का?
– नाशिक

उत्तर : टांगलांग ला सुमारे 5,300 मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रकिनाऱ्याच्या मानाने जवळपास चाळीस टक्के कमी असते. कार्ब्युरेटरला ही विरळ हवा ओळखता येत नाही. तो पेट्रोल जवळपास आधीसारखंच सोडत राहतो आणि मिश्रण घट्ट होतं. काळा धूर, काळा प्लग, अडखळणं, हे सगळं त्यातूनच. उपाय सोपा आहे : स्लाइडमधल्या सुईची क्लिप एक खाच वर सरकवायची, म्हणजे सुई खाली उतरते आणि पेट्रोल कमी जातं. तेवढ्याने भागलं नाही तर एक पायरी लहान मेन जेट. दोन्ही कामं मनालीला, थंड डोक्याने करा. घरून निघताना नको.

आणि परतल्यावर पहिलं काम म्हणजे सगळं पूर्ववत करणं. उंचीवर बरोबर असलेलं मिश्रण मैदानात पातळ ठरतं, आणि पातळ मिश्रणावर मे महिन्याच्या उन्हात ताशी 80ने चालवलेलं बिडाचं इंजिन पिस्टन धरतं. उंचीवर गेलेली ताकद मात्र या उपायांनीही तिथे परत मिळत नाही. 18ची 11 झालेली असते, आणि तेवढ्यात निभवायचं असतं. म्हणून सामान कमी न्या.

प्रश्न : वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा जुन्या बुलेटवर काय परिणाम होतो?
– नागपूर

उत्तर : तीन परिणाम होतात. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं आणि गाडी किंचित गरम चालते. एका लिटरातली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी असते, म्हणून ॲव्हरेज उतरतं. आणि इथेनॉल जुन्या रबराला त्रास देतं, टाकीतला गंज सुटा करतं. पेट्रोलचा पाइप आणि कार्ब्युरेटरमधली रबरं नवी, इथेनॉल सोसणारी घ्या. टाकी आतून साफ करून घ्या आणि पेट्रोलच्या नळाला बारीक फिल्टर लावा. मग वीसेक किलोमीटर एका वेगाने चालवून प्लगचा रंग बघा. फिकट पांढरा दिसला तर मेन जेट एक पायरी मोठा करा, विटकरी-तपकिरी दिसला तर काही करू नका. पंधरा दिवस गाडी उभी ठेवणार असाल तर नळ बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी वाटीच्या तळाशी बसतं.

प्रश्न : लांबच्या प्रवासाला हत्यारांची पिशवी किती मोठी न्यावी? घरचे म्हणतात, अख्खं गॅरेज घेऊन निघतोस.
– रत्नागिरी

उत्तर : घरचे बरोबर सांगताहेत. गाडी निघण्याच्या आदल्या आठवड्यात नीट तपासली असेल, तर पिशवी लहानच पुरते. प्लगचा पान्हा आणि एक जास्तीचा प्लग. पॉइंट असतील तर घासपट्टी आणि फीलर गेज. चेनची एक लिंक. टॅपेटला आणि चाकाच्या नटांना लागणारे पान्हे, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, थोडी तार, थोडी वायर, फ्यूज. मागच्या चाकाची एक ट्यूब, कारण पंक्चरवाला सापडतो, पण 19 इंची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही.

क्लचची आणि ॲक्सिलरेटरची जास्तीची केबल पिशवीत ठेवू नका. तेल पाजून ती चालू केबलच्या शेजारूनच, त्याच वाटेने हँडलपासून खाली ओवून ठेवा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. केबल तुटली की टाकी उतरवायची गरज नाही. रात्री, पावसात, आंबा घाटाच्या एखाद्या वळणावर फक्त दोन टोकं बदलायची, आणि दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा रस्त्यावर असता.